मान आणि मजुरी

कष्टाचा मोबदला पूर्ण देऊन झाल्यावर वर जे काही द्यावयाचे उरते तो मान, की मोबदला देण्याचे टळावे म्हणून जे दिले जाते तो मान, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वक्रोक्तीचा वाटेल. परंतु आपल्या समाजातील सन्मानाचे सोहळे जरा बारकाईने पाहिले, तर तो पुष्कळदा मनात उभा राहतो. ज्याला आपण पुरेसे देतो त्याचे गोडवे गाण्याची आपणांस फारशी गरज भासत नाही. वकील, सावकार किंवा शल्यवैद्य यांच्या त्यागाची स्तुती कोणी करीत बसत नाही. त्यांचे जे काही देणे असेल ते चुकते केले जाते. उलटपक्षी शेतात राबणारा हा जगाचा पोशिंदा आहे, हे वाक्य शाळेतील निबंधापासून व्यासपीठावरील भाषणापर्यंत सर्वत्र ऐकू येते. आणि त्या पोशिंद्याची रोजची मजुरी किती, असे विचारले असता ते वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस उत्तर देता येते.

हा विचार आमच्या मनात आला तो कोणत्याही ग्रंथाच्या वाचनाने नव्हे, तर एका पुतळ्यासमोर उभे असताना. दोन वर्षांपूर्वी काही कौटुंबिक कारणाने पॅरिस येथे जाण्याचा योग आला, तेव्हा सीन नदीच्या काठी असलेल्या ओर्से संग्रहालयात आम्ही एक सबंध दिवस घालविला. तेथे झ्यूल दालू या फ्रेंच शिल्पकाराने घडविलेला शेतकऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. फ्रेंच भाषेत त्यास जे नाव आहे त्याचा अर्थ 'मोठा शेतकरी' असा होईल किंवा 'थोर शेतकरी' असाही होईल, कारण त्या विशेषणाचे दोन्ही अर्थ त्या भाषेत संभवतात. पुतळ्यातील मनुष्य उभा आहे. काम अद्याप सुरू व्हावयाचे आहे. तो आपल्या हाताची अस्तनी वर सारीत आहे, मान खाली आहे आणि दृष्टी जमिनीकडे आहे. मागे पंख पसरलेली देवता नाही, धान्याच्या लोंब्या उधळणारी समृद्धी नाही, की त्याच्या श्रमाचे माहात्म्य सांगणारा कोरीव लेख नाही. आपल्याकडे कोणी पाहत आहे याचे त्यास भानही नाही. आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मनास थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम या शिल्पकाराविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्या चरित्रावाचून या पुतळ्याचा अर्थ पुरता उलगडत नाही. दालू हा १८३८ मध्ये पॅरिस येथे हातमोजे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मला. १८७१ मध्ये पॅरिसच्या नागरिकांनी जे स्वतंत्र शासन दोन महिने चालविले, त्या कम्यूनच्या पक्षास तो मिळाला, आणि लूव्र संग्रहालयाच्या देखरेखीचे काम काही काळ त्याच्याकडे होते. कम्यूनचा पाडाव झाल्यावर तो बायको आणि मुलगी यांसह लंडनला पळाला. मागे फ्रान्समध्ये त्यास जन्मठेपेची सक्तमजुरीची शिक्षा त्याच्या गैरहजेरीत सांगण्यात आली. मजुरांचा पुतळाकार होणाऱ्या मनुष्यास सक्तमजुरीची शिक्षा व्हावी, हा योगायोग मोठा विलक्षण खरा. लंडनमधील त्या अज्ञातवासात त्याने मुलास पाजीत बसलेली फ्रेंच शेतकरीण भाजलेल्या मातीत घडविली. ती आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे माफी मिळून तो स्वदेशी परतला आणि 'प्रजासत्ताकाचा विजय' या प्रचंड शिल्पसमूहाच्या कामास लागला. त्या समूहाचा प्लास्टरमधील नमुना १८८९ मध्ये आणि ब्राँझमधील अंतिम रूप १८९९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या चौकात उघडे करण्यात आले.

या शिल्पसमूहातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सिंहांनी ओढलेल्या रथावर प्रजासत्ताकाची देवी उभी आहे, आणि रथास मागून हात लावणाऱ्यांत 'श्रम' हा एक लोहाराच्या रूपाने दाखविला आहे. म्हणजे येथे श्रमास स्थान आहे, पण ते चाकापाशी. उंचावर दुसरेच कोणी उभे आहे. आमच्या मते दालूलाही हे खटकले असावे. कारण १८८९ च्या सुमारासच त्याच्या मनाने घेतले की केवळ श्रमिकांचे असे एक स्मारक उभारावे. त्यात राजा नको, सेनापती नको, देवताही नको. उंच मनोऱ्यासारखी रचना आणि तिच्या पायथ्याशी कोनाड्याकोनाड्यांतून निरनिराळ्या धंद्यांतील माणसे, अशी त्याची कल्पना होती. त्यासाठी तो वही घेऊन शेतांतून आणि कारखान्यांतून हिंडला. पेरणारा, गवत कापणारा, विळ्याचे पाते ठोकून त्यास धार आणणारा, खडी फोडणारा, पोती वाहणारा, अशा कितीतरी माणसांच्या लहान लहान मृण्मूर्ती त्याने केल्या. परंतु स्मारक झाले नाही. १९०२ मध्ये दालू वारला, तेव्हा या सर्व खटाटोपातून पूर्ण आकारास पोहोचला होता तो एवढा एक शेतकरी. लहान मूर्ती पॅरिस शहराच्या पेती पाले संग्रहालयाने १९०५ मध्ये घेतल्या, आणि ज्यांच्यासाठी चौक हवा होता ती माणसे काचेच्या कपाटात गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा पुतळ्याने शेतमजुराचा सन्मान होतो काय? याविरुद्ध जे आक्षेप घेता येतात ते हलके नाहीत, म्हणून ते एकेक पाहू.

पहिला आक्षेप असा की, या पुतळ्यास नाव नाही. त्याच पॅरिस शहरात विजयाच्या कमानीखाली १९२१ पासून एका अज्ञात सैनिकाची समाधी आहे, आणि तिच्यापुढे १९२३ पासून ज्योत तेवत आहे. कोणी म्हणेल, जसा अज्ञात सैनिक तसा हा अज्ञात शेतकरी. एकाच्या रूपाने सर्वांस मान. परंतु ही तुलना पुढे जात नाही. सैनिकाचे नाव तोफांच्या धुमाळीत हरवले. ते शोधूनही सापडणार नाही, म्हणून त्यास अज्ञात म्हणावे लागले. शेतमजुराचे नाव कधीही हरवलेले नव्हते. ते गावात सर्वांस ठाऊक होते. ते कोणी विचारले नाही, एवढेच. पहिले अज्ञान दुर्दैवाचे आहे, दुसरे बेपर्वाईचे आहे. या दोहोंस एकच विशेषण लावणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप संग्रहालयाचा. ओर्से ही इमारत मूळची रेल्वेचे स्थानक. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ती उघडली, आणि फ्रान्सच्या नैऋत्य भागाकडील गाड्या तेथे येत. गावातली शेती परवडेनाशी झालेली कितीएक माणसे त्या भागातून या फलाटांवर उतरून शहरात कामधंदा शोधावयास गेली असतील. पुढे गाड्या लांब झाल्या आणि फलाट तोकडे पडले. १९३९ पासून दूरच्या गाड्या तेथे येईनाशा झाल्या, आणि १९८६ मध्ये त्या जागी संग्रहालय झाले. ज्या जागी खराखुरा शेतकरी गाठोडे घेऊन उतरला आणि गर्दीत दिसेनासा झाला, त्याच छपराखाली आता त्याचा पुतळा पाहण्यास आम्ही तिकीट काढून जातो. हे पाहून कोणी कडवटपणे हसला तर त्यास दोष देता येणार नाही.

तथापि पुतळा चौकात असता म्हणजे सर्व ठीक झाले असते, असेही नाही. जर्मनांच्या अमलाखाली असताना फ्रान्समध्ये ऑक्टोबर १९४१ मध्ये निघालेल्या कायद्यान्वये सार्वजनिक जागी असलेले ब्राँझचे पुतळे धातूसाठी काढून वितळविण्यात आले. पॅरिसच्या चौकांतील व्हॉल्तेर आणि रूसो यांसही त्यातून सुटका मिळाली नाही. ब्राँझ म्हणजे शेवटी तांबे आणि कथील. ज्या दिवशी राज्यकर्त्यास धातू हवी असते त्या दिवशी अमरत्वाचे वजन मणांत केले जाते. आपल्या देशात चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे 'श्रमाचा विजय' हे शिल्प १९५९ पासून उभे आहे. चार माणसे प्रचंड शिळा हलविण्यासाठी अंगातले सर्व बळ लावीत आहेत. ते उघड्यावर आहे, आणि भारतातील पहिला मे दिन १९२३ मध्ये त्याच शहराच्या किनाऱ्यावर साजरा झाला असल्याने ते स्थळही उचितच म्हणावे लागेल. परंतु त्याच्या पायाशी बसून भाकरतुकडा खाणाऱ्या मजुराची मजुरी त्या शिल्पामुळे एका पैशाने वाढली, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा चौक की संग्रहालय हा वाद दुय्यम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मर्मभेदक आहे, आणि तो पुतळ्यापेक्षा पाहणाऱ्यास अधिक लागू पडतो. सुंदर वस्तू पाहून जे समाधान होते त्यात एक धोका असतो. शेतकऱ्याची वाकलेली मान पाहून आपला कंठ दाटून येतो, आणि कंठ दाटून आला म्हणजे आपण त्याचे काही तरी देणे दिले असा भास होतो. वस्तुतः आपण त्यास काहीच दिलेले नसते. उलट त्याच्याकडून आणखी एक सुख घेतलेले असते. त्याने पूर्वी धान्य दिले, आता त्याने आपल्याला करुणेचा आनंद दिला. येणे त्याचे वाढले. आपण मात्र पावती फाडून खिशात घातली.

इतके असूनही आम्ही या पुतळ्यास ढोंग म्हणण्यास तयार नाही. याचे कारण आम्हांस आमच्या गावच्या पोळ्यात सापडते. मराठवाड्यात आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. श्रावणी अमावास्येस पोळा. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही. त्यांस न्हाऊ घालावयाचे, शिंगे रंगवावयाची, पाठीवर झूल घालावयाची आणि पुरणपोळी खाऊ घालावयाची. यावर टीका करणारे म्हणतात की, वर्षभर आसूड आणि एक दिवस पुरणपोळी, यात कसली आली कृतज्ञता? परंतु टीकाकार पोळ्याची आदली संध्याकाळ विसरतात. त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जुवाने घासून घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, त्यावर हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात, आणि उद्या जेवावयास ये, असे त्यास आमंत्रण देतात. झूल आणि शिंगांचा रंग ही शोभा झाली. पण त्या शोभेच्या आधी, जेथे आपल्या जुवाने इजा केली नेमक्या त्या जागी हात ठेवण्याची सक्ती ज्या कोणी घालून दिली, त्याला सन्मानाचा अर्थ पुरता कळला होता असे आम्हांस वाटते. ज्याला मान द्यावयाचा त्याच्या खांद्याकडे पाहिल्यावाचून दिलेला मान ही नुसती झूल होय. दालूच्या शेतकऱ्यास झूल नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. त्या शिल्पकाराने खांद्याकडे, मानेकडे, हाताकडे पाहिले आणि पाहणाऱ्यासही तिकडेच पाहावयास लावले. त्याचे काम तेथे संपले. पुढचे काम पाहणाऱ्याचे.

ते पुढचे काम आमच्या बाबतीत कसे झाले, हे सांगितल्यावाचून हा निबंध पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमचे वडील तालुक्याच्या गावी शिक्षक होते आणि शेती एका सालगड्याकरवी होत असे. पाडव्याला त्याचे साल ठरे. आम्ही पदवीच्या शिक्षणासाठी पुण्यास निघालो, तेव्हा त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातून वसतिगृहाची रक्कम भरण्यात आली, आणि आमची लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन तो गडी एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत आला. पुढे आम्ही प्राध्यापक झालो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात रयतेच्या कष्टांतून सरकारी तिजोरीत येणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो अशी रोखठोक तक्रार आहे. ते निवेदन आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविले. ते शिकवीत असता आमची लोखंडी पेटी आम्हांस एकदाही आठवली नाही.

ती आठवली पॅरिसमध्ये. पुतळ्यापुढे उभे असता आम्ही त्या गड्याचे पूर्ण नाव आठवू लागलो, आणि ते आम्हांस येईना. घरात त्यास ज्या अर्ध्या नावाने हाक मारीत तेवढेच ठाऊक होते. बैलजोडीतील दोन्ही बैलांची नावे मात्र चटकन आठवली. घरी परतल्यावर थोरल्या बंधूंस विचारले. त्यांसही ठाऊक नव्हते. वडिलांची हिशेबाची वही काढली. तीतही तेच अर्धे नाव. शेवटच्या वर्षाच्या पानावर एक ओळ होती: साल अर्ध्यावर सोडले, सबब बाकी काही नाही.

आम्ही गावी गेलो आणि त्याच्या नातवास भेटलो. त्याचे आजोबा आमच्या वडिलांस मालक म्हणत; हा आम्हांस सर म्हणाला. त्याने चहा दिला, आजोबांचे पूर्ण नाव सांगितले आणि मग शांतपणे म्हणाला, "सर, आज्यानं साल सोडलं नव्हतं. खांदा गेला होता. हात वर होत नव्हता. सात महिने भरले होते."

सात महिने काम करून घेतले आणि आठव्या महिन्यात खांदा गेला, म्हणून सातांचेही काही देणे लागत नाही, हा हिशेब आमच्या वडिलांनी लबाडीने केला नव्हता. ते सरळ गृहस्थ होते. गावची रीतच तशी होती, आणि रीतीने जे देणे लागत नाही ते देणेच नव्हे, असे ते मानीत. अन्याय करण्यास दुष्ट माणूस लागतो ही समजूत चुकीची आहे. चालत आलेली रीत आणि तीकडे न पाहणारा सज्जन, एवढ्यावर भागते. त्याच गड्याने दरसाल आमच्या बैलांचे खांदे आपल्या हातांनी मळले होते, आणि आम्ही मुले कौतुकाने भोवती उभी असू. त्याच्या स्वतःच्या खांद्याची चौकशी त्या घरात कोणी केल्याचे आम्हांस आठवत नाही.

वहीतील दराने सात महिन्यांची रक्कम काढून, तीवर इतक्या वर्षांचे व्याज धरून ती आम्ही त्यास दिली. त्याने ती मोजून घेतली. आभार मानले नाहीत, रागही दाखविला नाही. क्षणभर आम्हांस ते लागले, हे कबूल केले पाहिजे; आम्ही मनातल्या मनात आभारांची वाट पाहत होतो. पण परतीच्या वाटेवर विचार करता त्याचेच वागणे योग्य वाटले. दयेस आभार लागतात. येणे असलेली रक्कम मोजूनच घ्यावयाची असते. त्याच्या आजोबांचे नाव या लेखात छापावे काय, असेही आम्ही विचारले होते. "नाव कशाला छापता, सर?" एवढेच तो म्हणाला. म्हणून ते येथे दिलेले नाही. ते त्या घराचे आहे, आणि आमच्या निबंधाची शोभा वाढविण्यासाठी ते उसने मागण्याचा आम्हांस अधिकार नाही.

यावरून सर्वांनी आपापल्या घरच्या जुन्या वह्या उघडाव्यात असा उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. पैशाने तो खांदा बरा झाला नाही. ज्याचे येणे होते तो ते घ्यावयास उरला नाही. आणि अशा एका व्यक्तीच्या हिशेबाने रीतही बदलत नाही, त्यास कायदा आणि संघटना लागते, हे आम्ही जाणतो. परंतु पुतळा व्यर्थ काय, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर आम्हांस मिळाले आहे. ऋण फेडण्याचे सामर्थ्य पुतळ्यात नाही, आणि तो ते फेडतो असे जो समजेल त्याने त्याच्यापुढे उभेही राहू नये. ऋण आहे, एवढे स्मरण तो देऊ शकतो. दालूचा शेतकरी आमच्याकडे एकदाही पाहत नाही. बहुधा म्हणूनच आम्हांस दुसऱ्याकडे पाहावे लागले.

आमची जमीन हल्ली दुसरा एक गडी कसतो. येत्या पाडव्याला त्याचे साल ठरावयाचे आहे, आणि आजारपणात किंवा इजा झाली असता काय, हे त्या वेळी बोलून आणि लिहून ठेवावे असे बंधूंचे व आमचे ठरले आहे. ते ठरताना आम्ही स्वतः गावी हजर राहणार आहोत. आजवर कधी राहिलो नव्हतो.